अजून मोकळी नाही

आमच्या वॉर्डात बाई बाळंत झाली की आम्ही नर्स म्हणतो, मोकळी झाली. निवृत्त होणारीलाही हेच म्हणतो. मी या महिनाअखेरीला सुटणार, म्हणून गेल्या आठवड्यात निरोपसुद्धा उरकला. भाषणं झाली, मोठ्या डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले. सगळ्या म्हणाल्या, झालीस बाई मोकळी.

काल नवा नियम आला. निवृत्तीचं वय आणखी दोन वर्षांनी वाढलं.

मी तरातरा पगार विभागात गेले. तिथला कारकून भला माणूस, त्यानं आधी पाणी दिलं. मग समजावलं, की म्हातारी माणसं आता पुष्कळ जगतात, कमावती कमी झालीत आणि पेन्शन तर कमावत्यांच्याच कपातीतून द्यायची. तुमच्या आईंचीही त्यातूनच जाते, म्हणाला. मुलंच जन्माला येत नाहीत हो, त्याला कोण काय करणार? हे मला सांगतोय! निम्म्या खाटा गुंडाळून ठेवल्यात आमच्या. रिकामे पाळणे मीच पुसते. आधी नोकरी सोडली तर, म्हणे, पेन्शन अर्धी. असं डोकं फिरलं माझं, पण भांडू कुणाशी? त्याच्या टकलाशी?

घरी आई एकटी. तिला आताशा काही आठवत नाही. एकदा जिना उतरून गेली ती भलत्याच रस्त्यावर रडत सापडली. दिवसभर बाई ठेवायची तर माझा पगार तिलाच द्यावा लागेल. म्हणून कामावर निघताना मी बाहेरून कुलूप लावते. लाज वाटते, पण लावते. थोडेच दिवस गं आई, असं रोज सांगत आले.

संध्याकाळी कुलूप काढलं तर ती दाराशीच खुर्ची ओढून बसलेली. माझा चेहरा बघून उठली, मला खुर्चीत बसवलं आणि कंबर चोळायला लागली.

"अजून मोकळी नाही झालीस?"

"नाही गं."

"होशील. जरा कळ काढ."

जन्मभर हे मी दुसऱ्या बायकांना म्हणत आले. मला हुंदका आवरेना. ती आपली चोळतच राहिली.

आज सकाळी कुलूप लावताना आतून तिचा आवाज आला.

"बाळ झालं की मला उघडून देशील ना?"

हो म्हटलं, आणि कुलूप एकदा ओढून पाहिलं.