हिरीच्या आयसचा अंगठा

मी एक जुना शाईचा पॅड आहे. पत्र्याची चपटी डबी, आत जांभळ्या शाईने भिजलेलं कापड. तलासरीजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत, सरांच्या टेबलाच्या खणात माझा मुक्काम. मित्रांनो, ज्यांना सही येत नाही त्यांची सही म्हणजे मीच. दाखला असो, गणवेश असो, आईबाप यायचे, माझ्यावर अंगठा टेकवायचे आणि कागदावर उमटवून झाला की डोक्याच्या केसांना पुसायचे. तेव्हा माझा तोरा काय विचारता!

२०१६च्या डिसेंबरात सहावीची सहल ठरत होती. गाडी एकाच दिवसासाठी मिळणार होती आणि जागा सुचल्या दोन. एक, खाली वसईकडचं कितीतरी शतकांचं मोठं चर्च. दुसरी, वर गुजरातेत नवंच निघालेलं वाहनांचं संग्रहालय. तिथे म्हणे विमानात चढून बसता येतं. देवेश सरांनी भिंतीवर दोन कागद लावले, मला उघडलं आणि म्हणाले, "जे बघायचं त्याच्याखाली अंगठा उमटवा. एकाने एकदाच."

पोरं विमानावर तुटून पडली. हिरी मात्र चर्चच्या कागदाकडे गेली. तिला चर्चचं काहीएक पडलं नव्हतं. त्या वाटेवर हायवेला लागून वीटभट्टी होती आणि दिवाळी झाल्यावर तिचे आईबाप तिथे विटा पाडायला गेले होते. तिला आत्याकडे ठेवलं होतं. गाडी तिकडून गेली तर खिडकीतून तरी आई दिसेल, एवढीच तिची आस. तिने ते रूपीच्या कानात सांगितलं, रूपीने सगळ्या मुलींना, आणि बघता बघता चर्चखाली अंगठे वाढले.

मोजले तर चर्चला पंधरा, संग्रहालयाला चौदा. सर थबकले. "पोरं अठ्ठावीस आणि अंगठे एकोणतीस कसे?"

हिरी उभी राहिली. तिचे दोन्ही अंगठे जांभळे होते. "सर, एक माझा. दुसरा माझ्या आयसचा. ती नाय ना इथं, मग तिचा मीच दिला."

आईच्या नावाचा अंगठा ऐकून वर्ग खो खो हसला. सर वाईट नव्हते हो, पण नियमाला पक्के. त्यांनी हिरीचे दोन्ही अंगठे खोडले. चर्चचे तेरा राहिले.

मग संमतिपत्रं आली. त्यावर आईचा नाहीतर बापाचा अंगठा हवा. आत्या आली, तिचा चालेना.

"मंग कोणाचा आनू? भट्टीवरनं शेठ सोडत नाय," आत्या म्हणाली.

"उद्या काही झालं तर मलाच विचारतील," सर म्हणाले.

गाडी संग्रहालयाला गेली आणि हिरीला त्या दिवशी पाचवीच्या वर्गात बसवलं. मी खणात पडून होतो. शाई माझी, पण कुणाचा अंगठा चालेल हे मला कोण विचारतो? फार लागलं मला ते.

जूनमध्ये हिरीची आई शाळेत आली. मला वाटलं, पुढच्या सहलीची संमती आताच देऊन ठेवेल. वेडा मी. ती पोरीचं नाव काढायला आली होती.

"धाकट्याला सांबाळायला कोन नाय. हिरी येल आता आमच्यासंगं."

सरांनी नाना तऱ्हांनी समजावलं. शेवटी अर्ज पुढे सरकवला आणि मला उघडलं. हिरीने ज्याची वाट पाहिली तो अंगठा माझ्यावर टेकला. विटा उचलून उचलून त्याच्यावरच्या रेषा झिजल्या होत्या. कागदावर नुसता जांभळा डाग पडला. सर म्हणाले, "पुन्हा एकदा." पुन्हा डागच.

आता २०१९ उजाडलं. माझं कापड वाळलंय. शाई घाला, झाकण लावा, असं माझ्यासारख्याने मागायचं असतं. मला ते नको. मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी दोन अंगठे उमटवले तर दुसरा कुणाचा ते ऐका, आणि ऐकून हसू नका.

चर्चचा तो कागद अजून माझ्याखाली घडी घालून पडला आहे. त्यावर दोन खोडलेले अंगठे आहेत. हिरीच्या अंगठ्यांवरची रेघ न् रेघ त्यात दिसते.