खालच्या ओळी

माझ्या सासूबाई दगडाबाई, मी त्यांना आत्या म्हणते, बाहत्तर वर्षांच्या आहेत आणि परदेशी मालिका माझ्या तोंडून बघतात. पडद्यावर कोरियन माणसं बोलतात, खाली इंग्रजीत ओळी येतात, त्या मी वाचते आणि मराठीत सांगते. माझा नवरा शिवराज कंपनीत गेला, जेवणं उरकली, की हर्सूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज दुपारी हाच उद्योग. मला मुळात एका जागी बसवत नाही, त्यामुळे मी अर्धी उभी राहूनच सांगते.

सुरुवात अंतराळयानांनी झाली. "येवढं वर जाऊन बी रडतेत, मग गेले कशाला?" हा आत्यांचा निकाल. काळात मागं जाणाऱ्या माणसाचा सिनेमा लावला तेव्हा मात्र त्या शेवटपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "याला मशीन भेटली तर हा राजे-महाराजे बघत फिरला. येडं कुठलं. मला भेटली तर मी एकच दिस मागं जाईन."

कुठला दिवस, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई सिल्लोडजवळच्या गावी वारली. लेक येईपर्यंत मढं उचलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पण धाकटे भाऊ तात्यासाहेब थांबले नाहीत. आत्या जीपमधून उतरल्या तेव्हा माणसं नदीवरून अंघोळी करून परतत होती. तेव्हापासून भावाशी एक शब्द नाही, राखी नाही, माहेर नाही.

यानांचा कंटाळा आल्यावर आम्ही सुडाच्या मालिकांकडं वळलो, आणि तिथं माझी चूक झाली. ओळी भराभर पळतात. माझा एक डोळा कुकरवर असतो. जे हुकायचं ते मी मनानं भरायची, आणि माझा स्वभाव तिखट असल्यामुळे भरायची तेही तिखटच. आत्या खूश व्हायच्या, मग मला आणखी चेव यायचा.

नवव्या भागात नायिकेचा मामा बऱ्याच वर्षांनी तिच्या दारात येतो. तेवढ्यात दूध उतू गेलं. मी धावले, ओटा पुसून परत आले तर प्रसंग संपत आलेला.

"काय म्हनली ती?" आत्यांनी विचारलं.

"ती म्हणते, याला दाराशीच बसवा. पाणी विचारू नका. दिवस मावळला की सांगा, मी येत नाही."

"अस्सं पायजे!" आत्यांनी मांडीवर थाप मारली. मला स्वतःचं कौतुक वाटलं, हे कबूल करते.

पंधरा दिवसांनी फोन आला. तात्यासाहेबांच्या नातीचं, मोनिकाचं, लग्न होतं आणि ते स्वतः मुऱ्हाळी म्हणून येणार होते. घरच्या लेकीला कार्याला न्यायला माहेरचा माणूस येतो तो मुऱ्हाळी. बहुतेक वेळा तरण्या पोराला पाठवतात. अडुसष्ट वर्षांचा माणूस स्वतः निघाला होता. आत्या नुसतं "येऊ दे" म्हणाल्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

गुरुवारी सकाळी दहाला ते आले. भाड्याची जीप खाली लावली आणि दाराजवळच्या खुर्चीत टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. आत्या आतल्या खोलीत. मी आत गेले तर त्या म्हणाल्या, "त्याला पानी इचारू नको. दिस मावळला की सांग, मी येत नाय."

माझंच वाक्य, शब्द न् शब्द.

मी त्यांचं न ऐकता पाण्याचा तांब्या बाहेर नेला. तात्यासाहेबांनी हात जोडले. "आक्का बोलल्याबिगर नाय घेनार, सूनबाई." जशी बहीण तसा भाऊ. एप्रिलचं ऊन, त्यात या माणसाला साखरेचा आजार. अकरा वाजले, बारा वाजले. मी खोलीत जायची, बाहेर यायची. घड्या घातलेले कपडे मोडून पुन्हा घड्या घातल्या. शिवराजला फोन लावला, तो उचलेना. लग्न राहिलं बाजूला, हा म्हातारा माझ्या वाक्यापायी माझ्या दारात कोसळेल, एवढंच मला दिसत होतं. एक वाजता ते बसल्या जागी पेंगायला लागले.

मी आत गेले आणि दार लावून घेतलं. "आत्या, ते मी बनवलं होतं."

"काय?"

"नववा भाग. पाणी विचारू नका वगैरे. ती तसं म्हणालीच नव्हती. मी दूध बघायला गेले होते, ओळी हुकल्या, मी थाप मारली."

आता मला शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली.

"मंग खरं काय म्हनली ती?"

"मला माहीत नाही."

"चल. लाव."

टीव्ही बाहेरच्या खोलीत. आत्या काठी टेकत आल्या, भावाकडं न बघता दिवाणावर बसल्या. मी नववा भाग लावला आणि या वेळी एकही ओळ न सोडता वाचलं.

"मामा म्हणतो, तुला जे विचारायचंय ते विचार. ती म्हणते, आता विचारून काय उपयोग. तो म्हणतो, विचार तरी. ती दार लावून घेते. तो जिना उतरतोय."

"फुडं?"

मी पुढचा भाग पळवून बघितला. "पुढं तो मरतो."

"इचारलंच नाय हिनं?"

"नाही."

"येडी हाय," आत्या म्हणाल्या. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या भावाकडं वळल्या. "तात्या, आईचं तोंड कसं होतं?"

तात्यासाहेबांनी टोपी उचलली, परत गुडघ्यावर ठेवली. "उघडंच राह्यलं होतं, आक्का. डोळे बी. शेवटी लई हाल झाले तिचे. मी मिटायला बघितलं, मिटंना. म्हनलं, तू बघशील तर जलमभर तुला तेच दिसंल. म्हनून घाई केली."

"मला जलमभर काहीच दिसलं नाय," आत्या म्हणाल्या. "कसं बी असंल, माझी आई व्हती."

"व्हय. चुकलं माझं."

मला रडू आवरेना. आत्यांनी मला गूळ-पाणी आणायला पाठवलं. तात्यासाहेब घटाघटा प्याले.

"येते मी," आत्या आतून कपड्यांची पिशवी आणून म्हणाल्या. "पर गाडी आधी मसनवट्यात न्यायची. जिथं तिला जाळलं तिथं. मंग मांडवात."

मी आत्यांकडं बघतच राहिले. मसणवट्यातून थेट लग्नाच्या मांडवात पाय ठेवायला आमच्याकडं कुणी धजत नाही, आणि तात्यासाहेब तर मुहूर्त तीन जणांना विचारून काढणारे.

"पोरीला हळद लागलीय, आक्का."

"ठावं हाय मला."

तात्यासाहेबांनी टोपी डोक्यावर घातली. मग उठले आणि आत्यांची पिशवी उचलली.

"चल," ते म्हणाले. "आधी तिकडंच जाऊ."