पाय लांब करता येईल अशी गाडी

गेले दोन महिने मास्तर लोकांच्या जुन्या गाड्यांत डोकं घालत फिरत होते, आणि खरं सांगायचं तर माणूस या प्राण्यावरूनच त्यांचं मन उडालं होतं. शी शी शी! काय काय ठेवून जातात लोक गाडीत! एकीत सीटच्या फटीत कापलेली नखं. दुसरीच्या छताला कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा भलामोठा डाग. तिसरीत कधीतरी पोर ओकलं होतं, आणि विकणारा गृहस्थ हसत सांगत होता, "उन्हात ठेवली की जातो वास." मग ठेव की तुझ्याच दारात, असं मास्तरांच्या अगदी ओठावर आलं होतं.

पण गाडी तर हवीच होती, आणि तीही मागे ऐसपैस जागा असलेली. आईचा उजवा गुडघा ऑपरेशननंतर वाकायचा बंद झाला होता. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात नेऊन तो वाकवून घ्यायचा, नाहीतर पाय जन्मभर तसाच ताठ राहील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि घरची सतरा वर्षांची गाडी एवढीशी, की एकदा म्हातारीचा पाय खिडकीबाहेर काढून न्यावं लागलं. सिग्नलला दोन टोणगे खिदळले. एकाने तर फोटो काढला. तेव्हापासून "मेले तरी त्या डब्यात पाय ठेवणार नाही" म्हणून आई जी घरात बसली ती बसलीच. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीतला आता जेमतेम महिना हातात उरला होता.

मास्तर म्हणजे शिंपी. खाली दुकान, मागे दोन खोल्यांत घर. गाडी बघायला गेले की टेप काढून आधी मागची सीट मोजायचे. विकणारे चक्रावायचे. "अहो, इंजिन तरी बघा!" इंजिन गेलं खड्ड्यात, आईचा पाय छत्तीस इंच होता.

शेवटी बायकोचा भाऊ धावून आला. त्याचा जुन्या गाड्यांचाच धंदा आणि जिभेवर नुसती साखर. "दाजी, घरचा माणूस असताना बाहेर कशाला वणवण करता?" असं म्हणत त्याने एक पांढरीशुभ्र, लांबलचक गाडी थेट दुकानाच्या दारात आणून उभी केली.

मास्तरांनी मागचं दार उघडलं आणि गोड वासाचा असा भपकारा आला की त्यांनी नाकाला रुमाल लावला. आत अत्तराच्या तीन-तीन बाटल्या टांगल्या होत्या. त्या गोडव्याच्या मागे आणखी काहीतरी होतं, ओलं आणि कुजकट.

"बंद होती ना बरेच दिवस, म्हणून," मेहुणा घाईघाईने म्हणाला. "मावशी, या, बसून तर बघा."

आई काठी टेकत आली, कुरकुरत बसली. मास्तरांनी पुढची सीट सरकवली आणि तिचा पाय हळूच आत घेतला. पाय अख्खा मावला. म्हातारीने अंगठा हलवून पाहिला, मग लेकाकडे पाहिलं.

"अरे, मावला की रे! कुठे टेकतसुद्धा नाहीये!" तिचे डोळे भरून आले. "उद्याच जाऊ दवाखान्यात. आजसुद्धा चालेल."

मास्तरांनाही गहिवरून आलं. घेऊन टाकावी. वासाचं काय एवढं, जाईल चार दिवसांत! तिच्या पायाखाली उशी सरकवायला ते वाकले आणि त्यांची नजर सीट कव्हरच्या शिवणीवर गेली.

शिवण संपवताना मास्तर तीन टाके मागे घ्यायचे आणि शेवटचा टाका तिरका मारायचे. ही सवय अख्ख्या बाजारात दुसऱ्या कुणाला नव्हती. समोर तोच तिरका टाका होता.

चार महिन्यांपूर्वी मेहुण्यानेच काम दिलं होतं, जाड रेक्झिनच्या कव्हरांचे बावीस सेट. "खाली हूक नकोत दाजी, कापड जास्तीचं सोडा, आम्ही चिकटवून टाकू." अरे, कव्हर काढून धुण्यासाठी असतं, हे शेंबडं पोरही सांगेल! जे निघायलाच नको ते कव्हर कशाला, असं तीस वर्षं मशिनवर बसलेल्या माणसाने विचारलं नव्हतं. उलट काम किती सफाईदार झालं म्हणून स्वतःवरच खूश झाले होते.

मास्तरांनी खिशातून धागे कापायची कात्री काढली.

"दाजी, काय करताय!"

टाके कचाकच तुटले. आत वाळलेल्या चिखलाचा थर होता. त्याखालचा स्पंज काळा पडून बुळबुळीत झाला होता, आणि त्यातून एक पांढरी अळी वळवळत वर आली. मास्तर कसेबसे गटारापर्यंत पोहोचले आणि भडभडून ओकले.

"पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी आहे ही," तोंड पुसत ते म्हणाले.

"सीटपर्यंतच पाणी होतं हो," मेहुणा म्हणाला. "चालते ना सध्या?"

"आणि ब्रेक?"

"लागतात की. आता भिजलेलं वायरिंग कधी दगा देईल, कोण सांगणार? पण तुमच्यासाठी त्यातली बरी निवडून आणलीय मी."

त्यातली बरी! मास्तरांना त्याच्या त्या गुळगुळीत तोंडाची शिसारी आली. पण त्याहून जास्त स्वतःच्या हातांची आली. घाण याने आणली होती खरी, पण पांघरूण कुणी शिवलं होतं?

आई अजून सीटवरच होती. तिने सगळं ऐकलं होतं. एकदा आपल्या लांब केलेल्या पायाकडे बघून तिने काठी मागितली.

"उतरव मला," ती म्हणाली. "दुकानात शिवत होतास तीच ना ही कव्हरं? किती शिवलीस रे तू असली?"

"बावीस."

"मग बाकीच्या एकवीस गाड्यांत कुणाची माणसं बसलीत?"

मास्तरांनी आईला उतरवून दुकानातल्या बाकावर बसवलं. मग मेहुण्यापुढे हात केला. "मोबाईल दे. कुणाकुणाला विकल्यास, नंबर काढ."

"दाजी, अहो, धंदा बसेल माझा! घरातल्याच माणसाने असं—"

"काढतोस की तुझ्या बहिणीला बोलावू?"

मेहुण्याने तोंड वाकडं करत पहिला नंबर लावून दिला. बराच वेळ घंटी वाजली. मग एका बाईने फोन उचलला. मागे पोरांचा दंगा चालला होता आणि हॉर्न वाजत होते.

"कोण? पटकन बोला," ती म्हणाली, "गाडी चालवतेय मी."