नेच्याचं फूल

“आता हे कोन खरं मानणार नाय,” पेजेचा चमचा हिराबाईच्या ओठांशी नेत अनंतानं सुरुवात केली, “पन ओहोळावरची केळ मी तोडली, तं बुंध्यात सागासारखं लाकूड. दाराची चौकट केली त्याची.”

“मामा, केळीला कुठलं लाकूड?” सून माधुरी चुलीपुढून म्हणाली. ती बारावी सायन्स झालेली. “बुंधा म्हणजे पानांची गुंडाळी नुसती.”

“तुला कोन विचारतंय गो?”

हिराबाईच्या अंगावरून वारं गेलं त्याला सबंध पावसाळा उलटला होता. हात थोडाफार हलायला लागला. वाचा मात्र गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, बोलतं करा. आता बायकोला बोलतं कसं करायचं? जन्मभर अनंतानं थापा माराव्यात आणि तिनं त्या पकडाव्यात, यावरच दोघांचा संसार झाला. शहापूरला एसटीडी बूथसमोर ती रानभाजी घेऊन बसे. गिऱ्हाईक जमलं की हा थाप ठोकी, ती तिथल्या तिथे ‘खोटं’ म्हणे, आणि लोक हसत हसत भाजी घेत.

म्हणून तो रोज नवं झाड घेऊन खाटेशी बसे. बांबू आंब्याचा सख्खा भाऊ झाला. अळंबीची मुळं विहिरीच्या तळाला टेकली. हिराबाई आढ्याकडे बघत राहिली.

“शेवळं मी काकडाबिगर खाल्ली. वाटीभर. घसा जरा खाजला नाय.”

काकडाची आंबट फळं घातल्याशिवाय शेवळांची रानभाजी खाणारा दिवसभर खाकरत बसतो, हे इथलं पोरही सांगेल. हिराबाईचा गाल किंचित हलला. की माशी बसली होती?

अनंतानं वाटी खाली ठेवली. आता मोठीच थाप हवी. खुंटीला तिची टोपली तशीच टांगलेली होती. भाजी गार राहावी म्हणून तळाशी अंथरलेला नेचा पार वाळून गेला होता. त्यातलं एक पान काढून त्यानं तिच्या हातात दिलं.

“हाच नेचा काल फुलला. मोगऱ्यागत. वास असा, वाशिंदच्या कारखान्यातली मानसं काम टाकून भायेर आली.”

माधुरीनं तोंड उघडलं. अनंतानं मागे न बघताच हात वर केला. ती थांबली.

हिराबाईचा अंगठा पानाच्या पाठीवरच्या बारीक पुळ्यांवरून फिरत होता. ओठ हलले. पेज हनुवटीवर ओघळली, ती पुसायला अनंता धजला नाही.

“खो... टं,” ती म्हणाली. “नेच्याला... फूल नाय.”