गाळलेले व्हिडिओ

दादाला कॅमेऱ्यासमोर उभं करायला तिला फारशा विनवण्या कराव्या लागल्या नाहीत. दादाच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या बाकीच्या वेल्डरांनी तिच्या पीएचडीला सरळ नकार दिला होता. डोक्यावर सुपरवायझर आहे तेवढा पुरे, त्यात ही आणखी एक डोळा आणून बसवणार, असं त्यांचं म्हणणं. दादा मात्र धाकट्या बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हता. कॅमेऱ्यात फक्त वेल्डिंगच्या टॉर्चचं टोक आणि वितळलेल्या धातूचा ठिपका दिसणार, चेहरा नाही, हे कळल्यावर तो म्हणाला, चला, दाढी करायचं काम वाचलं.

काळ्या काचेमागून कॅमेऱ्याने तो वितळता ठिपका सतत बघायचा, त्याचा आकार आणि चाल मोजायची, आणि सांधा पक्का होतोय की कच्चा राहतोय हे संगणकाने तिथल्या तिथे सांगायचं, असा तिचा विषय होता. त्यासाठी आधी चांगलं काम म्हणजे काय, हे संगणकाला शिकवावं लागतं. ते तिने दादाच्या हातावरून शिकवलं. पत्र्यांच्या फटीवरून त्याचा ठिपका संथपणे पुढे सरकत जाई. ते पडद्यावर पाहून तिच्या गाईड मॅडम म्हणाल्या होत्या की अशी सरळ रेघ आपल्याला पट्टी लावूनही मारता यायची नाही.

पुढच्या वर्षी त्याच हाताला संगणक नापास करू लागला. ठिपका चालता चालता डावीकडे घसरे आणि झटका बसल्यासारखा जागेवर येई. तिने स्टँडचे स्क्रू आवळले, काच बदलली, प्रोग्रॅम पुन्हा तपासला. फरक पडेना. प्रबंधाची मुदत तोंडावर आली होती. कारण सापडत नसेल तर तशी नोंद करून हे व्हिडिओ बाजूला ठेव, असं मॅडमनी सुचवलं. तिने ते गाळले आणि उरलेलं चित्रीकरण मोठ्या मिनतवारीने दुसऱ्या एका वेल्डरकडून करून घेतलं. दादाला वाईट वाटू नये म्हणून कॅमेऱ्याची जागा बदलायची आहे, असं सांगितलं.

ती सामान आवरत होती तेव्हा हेल्मेट काढून मान चोळत त्याने विचारलं, "माझं काम कसं दिसतं गं त्यात?"

"छान दिसतं," वायर गुंडाळत ती म्हणाली.

"म्हणजे पहिल्यासारखंच ना?"

"हो रे दादा. तुझ्या कामात कोण खोट काढणार?"

तो नुसतं बरं म्हणाला आणि हातमोजे चढवायला लागला. त्याला ते चढवायला वेळ लागत होता.

घरी वहिनी त्याच्या मागे लागली होती. शर्टाची बटणं लावताना तो अडखळे, हातातला कप सुटे, बोटांना मुंग्या येत. डॉक्टरांचं नाव काढलं की तो बहिणीचा हवाला देई. धाकटीचा कॅमेरा केसाएवढी चूक पकडतो, त्याने मला पास केलंय, डॉक्टर आणखी काय सांगणार? यावर वहिनी विषय सोडून देई. शिकलेल्या नणंदेवर तिचाही भरवसा होता.

प्रबंध देऊन झाल्यावर काही महिन्यांनी एका टाकीत दाबाने पाणी भरून तपासणी चालली होती. दादाच्या सांध्यातून धार लागली. कुणाला इजा झाली नाही, पण त्याचं आधीचं काम तपासलं तेव्हा त्यातलंही काही कच्चं निघालं. मग तो मुकाट्याने दवाखान्यात गेला. मानेच्या मणक्यात नस दबली होती. ऑपरेशन झालं. दुखणं आता वाढायचं नाही, पण बोटांची गेलेली ताकद परत येणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले. वर्षभर आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती.

दवाखान्यातून घरी येऊन बहिणीने गाळलेले व्हिडिओ उघडले आणि तारखेप्रमाणे लावून पाहिले. डावीकडचं घसरणं दर खेपेला थोडं थोडं वाढत गेलं होतं. संगणकाची काही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती दादाकडे गेली. तो गॅलरीत बसून व्यायामाचा रबरी चेंडू दाबत होता.

"दादा, मी तुला खोटं सांगितलं होतं. तुझे व्हिडिओ बिघडले होते. मी ते प्रबंधातून काढून टाकले."

"हात बिघडलाय, हे कळलं होतं तुला?"

"नाही. स्टँड हलतोय असं वाटलं. पण तुला विचारलं नाही."

त्याने चेंडू बाजूला ठेवला.

"मला शंका होतीच," तो म्हणाला. "म्हणून तर तुला विचारलं. तू बिघडलंय म्हणाली असतीस, तर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेलो असतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. वहिनी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि ती आत गेली.

दादा आता त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसतो. बहिणीला पदवी मिळाली तेव्हा त्याने शेजारीपाजारी सांगितलं, समारंभालाही आला. ती दर शनिवारी त्याला व्यायामासाठी घेऊन जाते. वाटेत दोघं इकडचं तिकडचं बोलतात. परतल्यावर वहिनी दार उघडते. पूर्वी ती नणंदेला अगं-तुगं करत हात धरून आत ओढायची, जेवल्याशिवाय सोडायची नाही. आता ती बाजूला होऊन वाट देते आणि विचारते, "तुम्ही चहा घेणार का?"