डेलमरच्या खुंटीवरचा कप

रोज उजाडण्याआधी व्हर्ना मागच्या दाराने कॅफेत येते. आधी कॉफी चढवते, मग तव्याखालचा गॅस पेटवते आणि शेवटी फडके घेऊन भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेले कप पुसते. गावातल्या प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाचा एक कप, त्यावर रंगाने लिहिलेले त्याचे नाव. पूर्वी माझ्यापाशी आली की तिचा हात हळुवार होई. त्याचाच मला राग येई.

मित्रांनो, मी एक जुना, कडेला टवका उडालेला, चिनी मातीचा कप आहे. ओहायोतल्या भट्टीत भाजला गेलो आणि आयोवातल्या या गावात आलो. माझ्यावर डेलमरचे नाव आहे. कधी मका पेरून आलेल्या, कधी बर्फात गारठलेल्या त्याच्या हातांना मी वर्षानुवर्षे ऊब दिली. "याच्यासारखी गरम कॉफी दुसऱ्या कपात राहत नाही," असे तो सर्वांना सांगे. मग डेलमर वारला आणि गावाने माझा देव केला. मला पुसायचे, पण माझ्यातून प्यायचे नाही. मी कोरडा लटकत राहिलो. मला ते मान्य नव्हते, आजही नाही. मी पिण्यासाठी घडलो आहे.

त्या मार्चमध्ये ग्वेन आली, जनावरांची डॉक्टर. महिनाभर राहून पाहणार होती. मन रमले तर कायमची. आधीचे डॉक्टर गेल्यापासून अडलेल्या गाई डोळ्यांदेखत मरत होत्या, म्हणून ती राहावी असे सर्वांनाच वाटे. पाहुण्यांना व्हर्ना साधा पांढरा कप देते. पण एका सकाळी व्हर्ना तव्यापाशी अडकली होती. बाकीचे आपापला कप काढून कॉफी ओतून घेत होते. ते पाहून ग्वेननेही हाताशी आलेला कप काढला आणि भरला. तो कप मी होतो.

शेजारच्या टेबलावर पॅनकेक खात बसलेल्या लॉइड शेतकऱ्याने काटा खाली ठेवला.

"डॉक्टरबाई, तो डेलमरचा कप आहे," लॉइड म्हणाला. "तो वारला."

"माफ करा. मला वाटलं, हाताला लागेल तो घ्यायचा."

"असं का? मग उद्या त्याचा ट्रॅक्टरही न्याल."

ग्वेनने मला खाली ठेवले आणि कोट उचलला. कपाला कान असतो, आवाज नसतो. नाहीतर मी तिला थांबवले असते.

तेवढ्यात कोपऱ्यातून डेलमरची बायको अर्डिस म्हणाली, "लॉइड, काल तुझी अडलेली गाय कुणी सोडवली?"

"यांनीच की."

"मग तोंडात पॅनकेक घाल आणि गप्प बस." ती ग्वेनकडे वळली. "बस गं. गार करू नकोस ती. डेलमरला गार कॉफी खपत नसे."

ग्वेन बसली. किती दिवसांनी माझ्या अंगातून ऊब फिरली.

म्हणून सांगतो, मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया असेल तर तिला भिंतीवर टांगून ठेवू नका, कामाला लावा. टवके उडू द्या.

दुसऱ्या दिवशी अर्डिस सर्वांच्या आधी आली. पर्समधून लाल नेलपॉलिश काढून तिने डेलमरच्या नावाखाली ग्वेनचे नाव लिहिले, फुंकर घालून वाळवले, मला खुंटीवर अडकवले आणि स्वतःचा कप काढून घेतला.