सकाळचं माप

मोहोळला गोजरबाईच्या खोपटापुढं सकाळी सहालाच मोटार थांबली आणि शिवराजशेठ खाली उतरले. त्यांना बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सोलापुरात शेठचं बुटांचं मोठं दुकान. काचेमागं घोट्याच्या वर येणारा, कातडी वादीनं बांधायचा जाडजूड बूट, आणि शेजारी पाटी: 'आमच्या पणजोबांनी गोऱ्या पलटणीसाठी घडवला.' कसला पणजोबा अन् कसली पलटण! तो बूट घडवला होता गोजरबाईच्या बापानं, हरिबानं, विहिरी खणणाऱ्यांसाठी. दगड पडून त्यांच्या पायाची बोटं जायची. म्हणून म्हातारा म्हशीचं कातडं बाभळीच्या सालीत मुरवायचा आणि दुहेरी शिवायचा. उसवला म्हणून एक जोड कधी परत आला नाही. हरिबा अंथरुणाला खिळला तेव्हा याच शेठनं 'दोन दिवसांत देतो' म्हणून त्याचे बूट घडवायचे लाकडी फर्मे नेले. फर्मे काही आले नाहीत, दुकानात बूट मात्र आले, पणजोबासकट. म्हातारा त्या पाटीबद्दल ऐकून झुरून मेला. तेव्हापासून गोजरबाईला एकच हवं होतं. ज्या तोंडानं बापाचं नाव गिळलं, त्याच तोंडानं ते चारचौघांत ओकायला लावायचं.

"मावशी, दुकानाचा सोहळा आहे," शेठ म्हणाले. "कारखान्याचा बूट तिथं शोभायचा नाही. तुमच्या हातचा जोड पाहिजे. आणि तुम्ही पण स्टेजवर बसा की, आरी-रापी घेऊन. लोकांना बघायला बरं."

पायाचं माप संध्याकाळी घ्यायचं, हे या धंद्यात पोराटोरांनाही ठाऊक. दिवसभरात पाय फुगतो, आणि सकाळच्या मापाचा बूट संध्याकाळी चावतो. हरिबानं तर सकाळी आलेल्या फौजदारालासुद्धा परत पाठवलं होतं.

"आत्ताच घिऊ की माप," गोजरबाई गोड आवाजात म्हणाली. "तुमाला परत कुटं येळ मिळायचा?"

वर तिनं मापात सूतभर चोरी केली. तयार जोड तिनं सकाळीच घालून बघायला लावला. सोहळ्याच्या दिवशीही सकाळीच त्यांच्या पायात चढवला आणि वादीची गाठ स्वतः आवळली. शेठचा पाय असा तिच्या हाती आयुष्यात कधी लागला नव्हता. लई बरं वाटलं तिला.

दिवसभर शेठ सभागृहाच्या दारात उभे राहून पाहुण्यांचं स्वागत करत होते. संध्याकाळी भाषणाला उठले तेव्हा चालताना पाय फेंगडे पडत होते. पणजोबापर्यंत आले आणि घाम फुटला. पलटणीपर्यंत पोचलेच नाहीत, माईक हातात धरूनच मटकन खाली बसले. गाठ ओढून बघितली, ती हलेना. स्टेजच्या कोपऱ्यात गोजरबाई कातडं कापायची रापी घेऊन बसलीच होती.

"मावशी, वादी काप. मरतोय मी," ते कुजबुजले.

"कापते की. आदी सांगा, बूट कुणाचा?"

"आता? हितं?"

"हितंच. माईकात."

शेठनी तिच्याकडं बघितलं, रापीकडं बघितलं. दात खाऊन म्हणाले, "हा बूट मोहोळच्या हरिबांनी घडवलेला. माझ्या पणजोबांचा नाही."

साऱ्या सभागृहानं ते ऐकलं. गोजरबाईनं सर्रकन वादी कापली. पाय बाहेर आला तो टम्म सुजलेला, टाचेला रक्त. तिच्या छातीत आनंद मावेना.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "हरिबाचा व्हय? मंग हरिबाचा बूट चावतो की वो!"

सभागृह खदाखदा हसलं. गोजरबाईचा चेहरा उतरला. बापाचं नाव इतक्या वर्षांनी निघालं ते असं, रक्ताळलेल्या टाचेसकट. उद्या गावभर हेच होणार. तोंड उघडावं तर आपली लबाडी उघडी पडणार, आणि शेठ पोलिसात गेल्याशिवाय राहणार नाहीत.

तिनं शेठच्या हातातला माईक काढून घेतला.

"हसू नगा," ती म्हणाली. "माप मी सकाळी घेतलं. जाणून घेतलं, वर सूतभर कमी धरलं. बूट माझ्या बापाचा हाय. चावा माझा."